पाणी झाडाला नव्हे, मुळांना

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी. धनेगावचं मांजरा धरण आटलेलं, आणि पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच टाक्यांभोवती 144 कलम लागलेलं. अशा गावात प्यायच्या पाण्यातला तांब्याभरही झाडांना घालायला मन धजत नव्हतं. मी घातलाही नाही. तरी आमच्या अंगणातला शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू त्या उन्हाळ्यातून तरले. दुष्काळी भागात बाग म्हणजे चैन, असं आजही ऐकते, म्हणून ते कसे तरले हे सांगावंसं वाटतं.

हिरवळ आधीच काढून टाकली होती. मराठवाड्यात अंगणात लॉन लावणं मला मुळीच पटत नाही. त्याची मुळं उथळ, म्हणून ते रोज पाणी मागतं, आणि त्यातलं बरंचसं ऊनच पिऊन टाकतं.

आमची माती काळी. सुकली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओलसुद्धा उडून जाते. सासरे शेतकरी होते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे त्यांच्या तोंडी नेहमी असायचं. वरची दोन बोटं माती खुरप्यानं भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि खालचं पाणी वर चढायची वाट तुटते. त्यावर मी उसाचं पाचट पसरते. आमच्या भागात फड तुटला की पाचट पेटवून देतात, ते बघून जीव तुटतो. चार बोटं जाडीचा तो थर उचलून भर मेमध्येही हात घाला, खाली माती गार लागते.

पण खरी कमाल मडक्याची. न रंगवलेलं, दहाएक लिटरचं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्यानं भरायचं आणि तोंडावर झाकणी ठेवायची, म्हणजे डास होत नाहीत आणि पाणी उडत नाही. भोवतालची माती कोरडी होईल तसं मडकं पाझरतं, ओली असेल तर थांबतं. मुळं त्याच्या दिशेनं वाढतात आणि त्याला वेढून बसतात. रोपाजवळ वीतभर अंतर पुरतं, पण वाढलेल्या लिंबाला बुंध्याशी मडकं पुरून उपयोग नाही. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, तिथे तीन-चार मडकी लागतात. हिवाळ्यात आठवड्यानं भरलं तरी चालतं, मेमध्ये दोन-तीन दिवसांनी.

शेजारच्या काकूंनी घरातले जुने माठ देऊ केले होते. आमच्या कुंभारमामांनी एका वाक्यात निकाल लावला, “ताई, ज्या माठात पाणी गार होत नाही, त्यो झाडाला काय पाजणार?” बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी माठाची छिद्रं बुजतात, तो पाझरायचा थांबतो, म्हणूनच पाणी गार करत नाही. मडकी नवीच घ्यावीत, आणि क्षार धरू लागले की काढून घासावीत.

मडक्यात पाणी कुठलं? तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं, कापडातून गाळून. कपड्यांच्या साबणाचं पाणी मी घालत नाही. त्यातल्या सोडियमनं काळी माती दगडासारखी होते, वर पांढरी खपली धरते. प्यायच्या पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं खारट पाणीही बागेत नको, त्यानं फरशी पुसावी.

पावसाळ्याचा हिशेब तर आपण करतच नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. लातूरला वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. 600 चौरस फुटांच्या गच्चीवर तो 39 हजार लिटर होतो, वाया जाणारं वगळलं तरी 30 हजार हाती लागतं. आमचं हे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात जातं. पहिल्या पावसाचं धूळमिश्रित पाणी मात्र बाहेर सोडून देतो.

तुमच्या गच्चीचा पाइप आज गटारात सुटत असेल, तर मृग लागायच्या आत तो शोषखड्ड्याकडे वळवून घ्या. आणि या हंगामात एकाच झाडाजवळ एक नवं मडकं पुरून बघा.