खाण सरते, तळे उरते

आसेगावहून आम्ही निघालो तेव्हा शिवारात सोयाबीन फुलावर होते. मंगरूळपीर तालुक्याच्या या काळ्या दगडाच्या मुलखात कोळसा नाही. आहेत त्या गिट्टीच्या आणि मुरुमाच्या खदानी. रस्ता होतो, ट्रक निघून जातात, खड्डा मागे राहतो. पावसाळ्यात तो भरतो. कडा उभ्या, म्हणून ढोर पाण्यापर्यंत उतरत नाही आणि उतरलेले पोर वर येत नाही. "खदानीकडं जाऊ नको," हे घरोघरचे बोल.

वाशीम जिल्ह्यातल्या अडाण आणि अरुणावतीचे पाणी पैनगंगेला मिळते; पैनगंगा घुग्घुसजवळ वर्धेला. त्या पाण्याच्याच वाटेने यवतमाळ, वणी करीत आम्ही एसटीने घुग्घुस गाठले. तिथे आमचे मामा कोळसा खाणीतून निवृत्त झालेले.

मामांनी आम्हाला मातीचे डोंगर दाखवले. उघड्या खाणीत कोळशावरची माती-दगड काढून बाजूला रचतात, ते हे ढीग. पाऊस पडला की त्यांची माती वाहते आणि नाल्यात, मग शेतात जाते. म्हणून ढिगांच्या पायथ्याशी चर खणून पाणी तळ्यात आणतात. तळ्यात पाण्याचा वेग मंदावतो, गाळ तळाशी बसतो. आत येणारे पाणी चहासारखे गढूळ, सांडव्याने जाणारे बरेच निवळ. मधूनमधून गाळ उपसला नाही, तर मात्र तळे भरून निकामी होते.

मामी म्हणाल्या, "कोळसा संपला का हे बुजवतील का ठेवतील?" आम्हाला वाटते, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच.

ठेवले तर गुरांना पाणी, मासे, भोवताली झाडे आणि जमिनीत मुरणारा ओलावा. पण निवळ दिसणारे पाणी चांगले असतेच असे नाही. कोळशाच्या भागात त्यात लोह, गंधकाचे क्षार असू शकतात. तपासणीशिवाय ते पिऊ नये. अमेरिकेत १९७७ च्या खाणकायद्याखालील नियमांप्रमाणे असे तळे कायम ठेवायचे तर बांध पक्का, पाणी वापरायोग्य, पातळी स्थिर आणि काठ सुरक्षित असल्याचे आधी दाखवावे लागते. आपल्याकडे कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदीच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. खाण चालू असतानाच त्यासाठी दरवर्षी वेगळ्या खात्यात पैसे भरायचे, असे त्यात आहे. म्हणजे तळ्याचे काठ उतरते करायला, बांध दुरुस्तीला पैसा मागायची वेळ खाण चालू असतानाचीच. गेटला कुलूप लागल्यावर मागायचे कोणाकडे?

आणखी एक गोष्ट. तळे आहे म्हणून पाणी सगळ्यांचे होत नाही, हे १९२७ च्या महाडने आपल्याला शिकवले आहे. म्हणून पाणी कोणाचे, मासेमारीचा हक्क कोणाचा, गाळ कोण काढणार, हे ग्रामसभेत ठरून कागदावर यावे. मजुरांची आणि भूमिहीनांची घरे त्यातून सुटू नयेत.

परतीच्या वाटेवर आसेगावची खदान पुन्हा दिसली. पाणी तेच, आभाळही तेच. पण इथे काठ उतरता करायला कोणी थांबले नव्हते. वाचकहो, तुमच्या गावाशेजारीही खदान असेल. ग्रामसभेत एवढे तरी विचारा : काम संपल्यावर या खड्ड्याचे काय करणार, आणि ते कोण करणार?