सातही वार इंग्रजीत

कोरियन गायकाने कोरियनमध्येच गावं, असं माझं मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते ऐकवत असे. घरात, ऑफिसात डबे उघडल्यावर, लग्नाकार्यात भेटलेल्या भावंडांना. बीटीएस या कोरियन गटाची गाणी ऐकायला लागल्यापासून "तुला त्यातलं कळतं तरी काय?" हा प्रश्न इतक्यांनी विचारला होता की उत्तर तोंडपाठ झालं होतं: गाणं आवडायला भाषा यावी लागत नाही. पुरावेही तयार असत. 2012 साली सायचं 'गंगनम स्टाईल' अमेरिकेतल्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर ठाण मांडून होतं, तेही कोरियनमध्ये. त्याआधी इंग्रजीचं बोट धरून अमेरिकेत गेलेल्यांच्या हाती काय लागलं? बोआने 2008मध्ये 'ईट यू अप' केलं, सेव्हन नावाच्या गायकाने (पुढे ज्या गाण्याबद्दल लिहिणार आहे त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही) 2009मध्ये लिल किमला सोबत घेऊन 'गर्ल्स' केलं. फारसं कुणी वळून पाहिलं नाही. वंडर गर्ल्सनी 'नोबडी' इंग्रजीत गाऊन जोनस ब्रदर्सच्या दौऱ्याबरोबर अमेरिका पालथी घातली आणि गाणं 76व्या क्रमांकावर थांबलं. शिवाय 2019मध्ये बीटीएसचा म्होरक्या आरएम याने एका मुलाखतीत सांगूनच टाकलं होतं की पहिल्या क्रमांकासाठी आम्ही एकदम इंग्रजीत गायला लागलो तर ते बीटीएस उरणार नाही. यापुढे मी वेगळं काय बोलायचं?

पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीटीएसचं 'डायनामाइट' आलं, अथपासून इतिपर्यंत इंग्रजी, आणि पहिल्या क्रमांकावर गेलं. मी ते माफ केलं. महामारी होती, त्यांचा जगभरचा दौरा बारगळला होता, चालायचंच. नोव्हेंबरमध्ये त्यांचं कोरियन गाणं 'लाइफ गोज ऑन' आलं, तेही आल्या आल्या पहिलं, आणि मी सगळ्यांना "बघा!" म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या आठवड्यात ते घसरून 28वर आलं, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही. कारण मला माहीत होतं. त्या यादीत विक्री धरतात, ऑनलाइन किती ऐकलं ते धरतात आणि रेडिओवर किती वाजलं तेही धरतात. पहिल्या आठवड्यात चाहते विकत घेऊन गाणं वर ढकलू शकतात, पण अमेरिकेतली रेडिओ स्टेशनं कोरियन गाणं सहसा लावत नाहीत, आणि तिथे चाहत्यांचं काही चालत नाही.

हे ठाऊक असल्यामुळेच 14 जुलै 2023ला जंगकुकचं 'सेव्हन' आलं तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. बीटीएसमधला हा सगळ्यात धाकटा. बुसानचा मुलगा, घरची बोली कोरियन. एकट्याच्या नावावरचं पहिलं अधिकृत गाणं, आणि ते इंग्रजीत. निर्माते अँड्र्यू वॉट आणि सर्कट, गीतकारांत जॉन बेलियन, मधल्या कडव्याला अॅटलांटाची रॅपर लाटो. आठवड्याचे सातही वार तुझ्यावर प्रेम करीन, असा एकूण आशय. त्यात एक सभ्य आवृत्ती आणि एक शिवराळ, दोन्ही एकाच दिवशी बाजारात. शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेला कोट घालून मुलगा अमेरिकेच्या दारात उभा राहिला आहे, असं मला वाटलं. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, 108 दिवसांत स्पॉटिफायवर शंभर कोटी वेळा वाजलं, तोवर इतक्या लवकर तिथे कुठलंच गाणं पोचलं नव्हतं. माझं मत आणखी घट्ट झालं. सगळ्यांना आवडलं म्हणजे नक्कीच काहीतरी पातळ केलं असणार!

मत हललं ते आईमुळे. म्हणजे तिने काही पटवून दिलं नाही. तिला यातलं काही पटवायचंही नव्हतं. मी हॉलमधल्या टीव्हीवर 'सेव्हन'चा व्हिडिओ लावला होता आणि ती मेथी निवडत बसली होती. व्हिडिओत जंगकुक आणि अभिनेत्री हान सो-ही एका झकपक रेस्टॉरंटमध्ये भांडत असतात. वरून झुंबर कोसळतं, छत खाली यायला लागतं, तरी हा प्रेम करीन म्हणून गातोच आहे. ती उठून जाते. हा तिच्या मागे लाँड्रीत, तिथे पाणी भरत जातं. बाहेर वादळात लोक उडताहेत, याचं आपलं चालूच. शेवटी हा मरतो आणि स्वतःच्याच अंत्यविधीत शवपेटीतून उठून पुन्हा तिच्या मागे लागतो. आईने काडी हातात तशीच धरून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मेला तरी हेका सोडला नाही मेल्याने!" आणि खळखळून हसली.

इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच कोरियन गाण्यावर ती हसली नव्हती, रडली नव्हती, रागावलीही नव्हती. "आवाज कमी कर" एवढीच तिची दाद असे.

मग मी तिला माझं व्याख्यान दिलंच. हा कोरियन, गाणं इंग्रजी, लिहिणारे अमेरिकी, हे खरं नाही गं वगैरे. ती म्हणाली, "भीमसेन गदगकडचे. तुकोबा गायले तेव्हा कुणी विचारलं त्यांना, घरी कानडी बोलता ना म्हणून?" मी वाद घातला. भीमसेन जोशी पुण्यात राहिले, रुजले. आणि तुकोबांनी काही अभंग ऑर्डरप्रमाणे लिहिले नव्हते. ही तुलना मला आजही पुरती मान्य नाही. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. भीमसेनजींच्या गाण्यात मी ते काय गातात याच्याइतकंच कसं गातात ते ऐकते. जंगकुकचं मात्र फक्त कोणत्या भाषेत, एवढंच ऐकून मी निकाल दिला होता.

मग हेडफोन लावून नीट ऐकलं. 'सेव्हन'चा ठेका यूके गॅराजच्या वळणाचा आहे, नव्वदच्या दशकात लंडनच्या क्लबांत घडलेला. ठोके सरळ पावलं टाकत नाहीत, मधलाच एखादा गाळून उडी घेतात. अशा ठेक्यावर इंग्रजी गायचं तर शब्दातल्या नेमक्या अक्षरावर आघात पडावा लागतो, नाहीतर ओळ लंगडते. कोरियन भाषेत असा आघात नाही. अक्षरं साधारण सारख्या वजनाची असतात. जोडाक्षरं सुटी करून मध्ये स्वर घालायची त्यांच्या जिभेला सवय. इंग्रजीतला 'फ', 'व्ह', 'थ' यांपैकी एकही आवाज कोरियनमध्ये नाही. आता आठवड्याचे वार इंग्रजीत म्हणून पाहा, आणि गाण्याचं नावही. मी जे बाळबोध म्हणून हसले होते ते त्याच्यासाठी अडथळ्यांची शर्यत होती, आणि तो ती धाप न लागता धावला आहे. पुढच्या अक्षराकडे जाताना तो श्वास इतका हलका सोडतो की आघात कळतो, जोर कळत नाही.

हे एका रात्रीत येत नाही, आणि त्याच्याकडे ते कुठून आलं हे मला माहीत असायला हवं होतं, कारण त्याचे सगळे पुरावे मीच जपून ठेवले होते. अगदी पोरवयापासून तो जस्टिन बीबर, चार्ली पुथ, ट्रॉय सिवान यांची गाणी स्वतःच्या आवाजात गाऊन चाहत्यांपुढे ठेवत आला. 2022मध्ये त्याच चार्ली पुथबरोबर 'लेफ्ट अँड राइट' गायला. इंग्रजी त्याच्या बोलण्याची भाषा नसेल, पण त्याचा गळा तयार झाला तो बऱ्याच अंशी याच गाण्यांवर. कंपनीने हिशेब केलाच असेल. डिसेंबर 2023मध्ये तो सैन्यात जाणार होता, हाताशी महिने मोजके होते. तरी तो हिशेब आणि ही आवड एकाच दिशेला जाऊ शकतात, हे मी मानायलाच तयार नव्हते.

का नव्हते, ते सांगायला जरा लाज वाटते. कोरियन गाणी आजूबाजूच्यांना कळत नव्हती, हेच मला आवडत होतं. ती माझी होती. सबटायटलमधून ओळी वाचताना साधं "तुझी आठवण येते" असलं तरी मूळ कोरियनमध्ये काहीतरी खोल असणार, असं मी परस्पर धरून चालत असे. कोरियन पॉपमध्येही फुटकळ ओळी पोत्याने आहेत. मी त्यांना सूट दिली, कारण त्या मला थेट ऐकू येत नव्हत्या. इंग्रजीत ती सूट देता येईना.

व्हिडिओ नंतर पुन्हा पाहिला तेव्हा आणखी एक दिसलं. बहुतेक अमेरिकी गीतकारांनी लिहिलेलं इंग्रजी पॉप गाणं, ब्रॅडली अँड पाब्लो ही दिग्दर्शक जोडी, आणि पडद्यावर भांडणारे प्रेमिक दोघेही कोरियन. ते तिथे का आहेत, कुठले आहेत, याचा खुलासा कुणी मागत नाही आणि देतही नाही. 2012मध्ये जग सायवर प्रेम करत होतं, पण बहुतेकांना तो घोड्यावर बसल्याचा अभिनय करणारा गमतीदार जाडा माणूस म्हणूनच हवा होता. त्या गाण्यातली सोलच्या श्रीमंत वस्तीची टिंगल कोरियाबाहेर फार थोड्यांपर्यंत पोचली. म्हणजे ज्या गाण्याचा मी इतकी वर्षं दाखला देत होते, ते कोरियनमध्ये गाऊनही कोरियन म्हणून कळलं नव्हतं. जंगकुकही हसवतो, शवपेटीतून उठतो, पण विनोद त्याच्या हट्टाचा आहे, चेहऱ्याचा नाही.

शिवराळ आवृत्तीबद्दल मात्र मी ढिम्म हललेले नाही. एक ओळ बदलून तेच गाणं दुसऱ्यांदा विकायचं, मग वर रीमिक्सची रांग लावायची, ही आकड्यांची हाव आहे आणि चाहत्यांच्या खिशाला लावलेली चाट आहे. लाटोचं कडवं मी पुढे सरकवते. आणि नोव्हेंबर 2023मध्ये आलेला त्याचा 'गोल्डन' हा अख्खा अल्बम इंग्रजीत आहे, एकही कोरियन गाणं नाही, हे मला खुपतं. त्यात 'हेट यू' नावाचं संथ गाणं आहे, शॉन मेंडिस त्याच्या गीतकारांपैकी एक. तिथे उड्या मारणारा ठेका नाही, सगळा भार शब्दांवर. आवाज सुरेखच लागला आहे, पण प्रत्येक शब्द नीट उच्चारायच्या काळजीत दुःख मागे राहिल्यासारखं मला वाटतं. तेच गाणं त्याने कोरियनमध्ये गायलं असतं तर मी आईला मेथी बाजूला ठेवून ऐकायला लावलं असतं, आणि तिने आवाज कमी करायला सांगितला असता तरी केला नसता.