एका दात्याचा हिशेब

माझ्या गॅरेजसमोर एक स्पीडब्रेकर आहे. कुणी, कधी घातला आठवत नाही, पण त्याच्याइतकं उपयोगी यंत्र माझ्या दुकानात दुसरं नाही. गाडी नीट करून गिऱ्हाइकाच्या हातात दिली की मी फडक्यानं पाना पुसत दारात उभा राहतो आणि ऐकतो. ब्रेकरवरून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सहज गेली तर काम जमलं. पहिला टाकावा लागला, किंवा क्लच अर्धा दाबून इंजिन रडवत नेलं, तर कुठंतरी चुकलंय.

डिसेंबरात एक पोरगा आजोबांची बुलेट घेऊन आला. जुनी, बिडाच्या इंजिनाची 350. गिअर उजव्या पायाला, एक वर तीन खाली.

"काका, गोव्याला चाललोय. पुढचं पॉकेट मोठं टाका. 18 चं."

स्प्रॉकेटला आमच्याकडं स्प्रॉकेट म्हणत नाहीत, पॉकेट म्हणतात. नवीन पोरं इंटरनेटवर वाचून शुद्ध उच्चार करत येतात आणि दोन दिवसांत पॉकेटवर येतात.

त्याचं गाऱ्हाणं खरं होतं. हायवेला 80 च्या पुढं गाडी ओरडते, तासाभरात हात बधिर होतात. पुढं दोन दाते वाढवले की इंजिन शांत होईल, हेही खरं. पण दाते वाढवून ताकद वाढत नाही. त्या इंजिनाचे घोडे 18, ते 18 च राहतात. पगार तोच, फक्त किराण्याला किती आणि प्रवासाला किती, एवढंच बदलतं.

या गाडीला मागचं पॉकेट 38 दात्यांचं, आणि ते ब्रेकच्या ड्रमशी एकसंध. मागं बदल करायचा म्हणजे अख्खा ड्रम बदलायचा. म्हणून जे काय करायचं ते पुढच्यावर. 350 ला पुढं 16 दाते, 500 ला 17, आणि हौशी लोकांसाठी 18 चं मिळतं. टॉप गिअर सरळ, एकास एक. क्रँककडून क्लचकडं जाताना 25 आणि 56 दाते. सगळा गुणाकार-भागाकार केला की चाकाच्या एका फेऱ्यामागं इंजिन 16 वर 5.3 फेरे मारतं, 17 वर 5, 18 वर 4.7. टायरला खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकला, ती दोन मीटरच्या जरा पुढं जाते. यावरून 80 च्या स्पीडला इंजिन 16 वर साधारण 3500 आरपीएमनं फिरतं, 17 वर 3300 नं, 18 वर 3100 नं. एका दात्याला दोनशे. कागदावर आकडा किरकोळ दिसतो, पण हातांना तो कळतो. 3500 ला आरशात मागचे ट्रक दोन दिसतात, 3300 ला एक.

मी स्वतः 18 वर अकरा महिने काढलेत. तेव्हा सुटे भाग आणायला पुण्याला वरचेवर जायचो. सपाटीवर काय सुख होतं! पाचवड, सुरूर कधी मागं पडलं कळायचं नाही, इंजिन आपल्याशीच काहीतरी पुटपुटत असल्यासारखं चालायचं. जाताना बोगदा आणि येताना घाट, असा तेव्हा खंबाटकीचा नियम होता. एका रविवारी येताना मागं बायको होती, बॅगेत दोन सिलिंडर ब्लॉक होते, आणि पुढं लोखंडानं भरलेला ट्रक. टॉप सोडून तिसरा टाकला. तिसऱ्यात गाडी खोकायची, दुसऱ्यात किंचाळायची, आणि ट्रक नेमका या दोघांच्या मधल्या स्पीडनं चालला होता. चारच गिअर असलेल्या गाडीत ही मधली फट मोठी असते. कारखान्यानं 16 दाते दिले तेव्हा ती फट कुठं पडेल याचा विचार केला होता. मी शहाणपणा करून ती उचलून घाटातल्या ट्रकच्या स्पीडवर आणून ठेवली होती. मग काय, अर्धा क्लच. वळणावर अर्धा क्लच, चढाला अर्धा क्लच. माथ्यावर पोचलो तेव्हा क्लच प्लेटांचा जळका वास बायकोलाही आला होता. पुढं इंजिन वाढायचं, गाडी वाढायची नाही. रात्री साडेनवाला घरी. वाटभर ती काही बोलली नाही. जेवताना एकच विचारलं, "हे तुम्हीच बसवलं होतं ना?"

उतारालाही तीच गत. कासहून यवतेश्वरच्या घाटानं खाली येताना तिसऱ्या गिअरवर सोडलेली गाडी 16 वर आपोआप धरली जाते. 18 वर ती पुढं पळू बघते, मग सगळा भार ड्रम ब्रेकवर. जुन्या बुलेटचा ड्रम तापला की लिव्हर ओढणं हे निव्वळ मनाचं समाधान.

आणि गावातलं तर विचारूच नका. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं चढत जाताना समोर रिक्षा थांबली की पहिला गिअर. पुन्हा दुसरा, पुन्हा पहिला. "काका, ॲव्हरेज वाढेल का?" हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. मोकळ्या सपाट रस्त्यावर, एकसारख्या हातानं चालवली तर थोडं वाढेलही. गावात मात्र जे पेट्रोल वाचलं असं वाटतं ते क्लच प्लेटांच्या बिलातून परत जातं.

तर मी त्या पोराला विचारलं, "गोव्याला किती दिवस?"

"चार."

"आणि एरवी?"

"एमआयडीसी. रोज."

त्यानं स्वतःच हिशेब केला असेल, तोंड जरा पडलं. तरी 18 वरून मन काही निघेना. मग मी 17 काढलं.

17 वर माझा जीव आहे, आणि त्याचं कारण स्पीडपेक्षा वेगळं आहे. चेनमध्ये एक कडी आतली, एक बाहेरची, अशा जोडीनं असतात, म्हणून कड्यांची संख्या सम. पॉकेटचे दातेही सम असले तर एकच दाता कायम आतल्या कडीला आणि शेजारचा कायम बाहेरच्या कडीला भेटतो. झीजही तशीच, एकाआड एक. 17 विषम, त्यामुळं दर फेऱ्याला गाठ बदलते, सगळ्या दात्यांना सारखं झिजावं लागतं. माझ्या वस्तादांना हे गणितानं माहीत नव्हतं. ते म्हणायचे, विषम पॉकेट "गोल झिजतं".

हल्लीच्या गाड्यांना ही कामं अर्ध्या तासात होतात. एका 390 सीसीच्या गाडीला पुढं 15, मागं 45. पोरं पुढं 14 करून मागतात, ट्रॅफिकमध्ये मऊ चालावी म्हणून. पुढचा एक काढणं आणि मागं तीन वाढवणं, म्हणजे 48 करणं, हे भागाकारात जवळजवळ एकच. पण 14 वर चेनला जास्त कडक वळावं लागतं, म्हणून चेनची काळजी असणाऱ्यानं मागचं बदलावं. ज्या गाडीचं मीटर गिअरबॉक्सवरून मोजतं तिथं पॉकेट बदललं की मीटर खोटं बोलायला लागतं, हेही सांगून ठेवावं लागतं. नाहीतर तक्रार आपल्याकडं. बुलेटचं मीटर पुढच्या चाकावर, त्याला मागं काय चाललंय याचा पत्ता नसतो.

बुलेटला मात्र दुपार जाते. डावा फूटरेस्ट, ब्रेकचं पेडल, खाली तेलाला ट्रे, मग मधला एकच मोठा नट आणि अख्खं कव्हर हातात. आत अल्टरनेटरचं मॅग्नेट, प्रायमरी चेन, क्लच. हे सगळं उतरवल्यावर त्याच्यामागं पॉकेट दिसतं. पोरगा स्टुलावर बसून बघत होता. जुनं पॉकेट काढून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, बोट फिरव. दाते कोयत्याच्या टोकासारखे एका अंगाला कलले होते. "हे आजोबांनी केलंय?" त्यानं विचारलं. म्हटलं, आजोबांनी, वडिलांनी आणि गेल्या वर्षभरात तू, कारण चेनला तेल कुणीच दिलेलं नाही.

17 बसवलं, चेन नवी घातली. दाता एक वाढला की मागचं चाक साधारण चार मिलिमीटर पुढं घ्यावं लागतं, घेतलं. चेन मधोमध बोटानं उचलून पाहिली. माणूस बसल्यावर ती ताणते, म्हणून पोराला वर बसवून पुन्हा पाहिली. कव्हर लावलं, तेल भरलं. भिंतीवर खिळ्याला माझं ते 18 चं लटकत होतं, अकराच महिने चाललेलं, दाते अजून शाबूत. त्याची नजर तिकडं गेली. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मी पाना पुसत दारात उभा राहिलो. पोरगा ब्रेकरशी आला, त्याची बोटं क्लचवर गेली, जराशी दाबली, मग सुटली, आणि गाडी दुसऱ्यातच वर चढून पलीकडं उतरली.