अंगात भरण्याची घाई

पहाटे धारूरच्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. पोलीस भरतीला मुलांची उंची १६५ सेंटीमीटर लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी ५. ही मापे आमच्याकडच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना तोंडपाठ असतात. हिमोग्लोबिन किती आहे, हे विचारले की गप्प बसतात.

तक्रार बहुधा एकच, "अंग भरत नाही." सोबत आजी असते, कारण आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले असतात. "लेकरू पार वाळून गेलंय साहेब, टॉनिक लिहून द्या."

वयात येताना मुलांची हाडे आधी लांब होतात, स्नायू मागून भरतात. त्यामुळे सोळाव्या वर्षी उंच आणि किडकिडीत दिसणे हा बहुतेकदा आजार नसतो. पण एवढे थांबायला मुले तयार नसतात. मग मित्राकडून गोळ्यांची पुडी येते.

गेल्या हिवाळ्यात अकरावीतला एक मुलगा आला. दोन महिन्यांत आठ किलो वजन वाढलेले. चेहरा गोल गरगरीत, पोटावर जांभळे पट्टे, दंड मात्र होते तसेच. रक्तदाब वाढलेला. तो आला होता वेगळ्याच कारणासाठी. १६०० मीटर धावायला आता जास्त वेळ लागत होता आणि बसल्यावर उठताना मांड्यांत जोर येत नव्हता. पुडीत दोन गोळ्या निघाल्या. एक ॲलर्जीची, जिने भूक वाढते आणि झोप येते. दुसरी डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. ते अंगात पाणी आणि चरबी साठवते, आणि ज्या स्नायूंसाठी हा सगळा खटाटोप चालतो तेच झिजवते.

इथे पालकांनी एक गोष्ट नीट ऐकावी. अशा गोळ्या सापडल्या तर रागाच्या भरात चुलीत टाकू नका. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. पुडीसकट मुलाला डॉक्टरकडे आणा.

मुलींचे उलटे. 'जाडी' म्हणून कोणी चिडवले की रात्रीची भाकरी बंद. शाळेतली लोहाची निळी गोळीही "जाड होतं" म्हणून टाकून देतात. त्या गोळीने कोणी जाड होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी होते.

त्या मुलाला मी डबे-पावडर काही लिहून दिले नाही. रोज दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, मटकी, दही, भाकरी आणि रात्री दहाला मोबाईल आजीच्या उशाखाली. गोळ्या टप्प्याटप्प्याने दीड महिन्यात बंद केल्या. वजन सहा किलो उतरले, तेव्हा आजी माझ्यावरच रागावली. नातू मात्र पुन्हा पहाटे पळायला जाऊ लागला होता.