कोयनाकाठची एक नक्कल

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना हेळवाकपर्यंत दक्षिणेकडे वाहते, तेथे पूर्वेस वळते आणि पाटणवरून कराडला कृष्णेस मिळते. या वळणाजवळ, धरणाच्या पायथ्याशी कोयनानगर आहे. पश्चिमेचा कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. धरणाच्या कामावर अभियंते व मजूर आले, त्यांच्यामागोमाग व्यापारी आले. त्यांपैकीच एका कुटुंबाचे किराणा दुकान येथे आजही चालते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि वसाहत कोसळली. सुमारे १८० माणसे दगावली. या कुटुंबातील सर्व जण वाचले, मात्र दुकान गेले. आजोबांनी ढिगाऱ्यातून उधारीची खतावणी शोधून काढली. तिच्या आधारेच पुढे व्यवहार उभा राहिला, कारण खाते दाखविताच बहुतेक ऋणकोंनी रक्कम मान्य केली. तेव्हापासून घरात एक शिरस्ता पडला: महत्त्वाच्या प्रत्येक कागदाची एक नक्कल कराडला, मुलीच्या घरी ठेवायची.

त्या आजोबांचा नातू नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये लेस्टरला गेला. तेथील जैन मंदिर अनेक वाचकांनी पाहिले असेल. आगगाडीत त्याचे पाकीट हरवले आणि त्यातच वाहन चालविण्याचा परवानाही गेला. ब्रिटनमध्ये वास्तव्यास आल्यापासून १२ महिने भारतीय परवान्यावर गाडी चालविता येते, पुढे तेथील परीक्षा द्यावी लागते. त्याचे सहा महिने उरले होते. नोकरी गोदामात, पाळी रात्री उशिरा सुटणारी, त्या वेळी बस नाही. परवाना हाती नसताना गाडी काढू नये, असे वडिलांनी निक्षून सांगितले.

बर्मिंगहॅमच्या भारतीय वाणिज्य दूतावासात पारपत्राचे काम होते. वाहन परवाना मात्र भारतातील परिवहन कार्यालयच देते. सारथी संकेतस्थळावर दुय्यम परवान्याचा अर्ज परदेशातूनही भरता येतो, पण त्यास परवाना क्रमांक लागतो आणि तो त्यास आठवेना. डिजिलॉकरमध्येही काही सापडले नाही. परवाना २००७ सालचा, जुन्या पद्धतीचा होता. त्याची नोंद संगणकात चढलेलीच नव्हती.

तेव्हा कराडची पेटी उघडली गेली. आत्याबाईंनी जन्मदाखल्यांखालून झेरॉक्स काढली. क्रमांक एमएच ११ ने सुरू होत होता. आता कराडचा क्रमांक एमएच ५० असला तरी ही नोंद साताऱ्याची. वडील पहाटेच्या एसटीने निघाले. नदीच्या सोबतीने पाटण, मल्हारपेठ, कराड आणि तेथून महामार्गाने सातारा. तेथील जुन्या नोंदवहीतील मजकूर नकलेशी जुळला आणि नोंद संगणकात घेण्यात आली. बँकेत असो वा पेढीवर, जुनी वही रद्दीत न घालणाऱ्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

यानंतर लेस्टरहून अर्ज भरला गेला. पाकीट हरवल्याची पोलिसांकडील नोंदही सोबत जोडली. अडचण आणखी एकच होती. आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक भारतातील होता आणि ते सिम आईच्या जुन्या फोनमध्ये होते. परदेशी जाताना हे सिम बंद करू नये, एवढे तरी प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. पावसाळ्यात कोयनानगरला नेटवर्क धड मिळत नाही. आई ओटीच्या पायरीवर छत्री धरून उभी राहिली आणि सहा आकडे मोठ्याने वाचू लागली. पहिला ओटीपी मुदतीत पोचला नाही, दुसरा लागू पडला.

“अगं, हळू वाच, तीन की आठ?” वडील आतून विचारत होते.

नवे कार्ड भारतातील पत्त्यावरच टपालाने आले. वडिलांनी ते लेस्टरला कुरिअरने पाठविण्याआधी दोन झेरॉक्स काढल्या. एक दुकानातील कपाटात गेली. दुसरी घेऊन ते पुढच्या बाजारवारी कराडला गेले. आत्याबाईंनी ती पेटीत ठेवली आणि विचारले, “तिकडची परीक्षा कधी आहे त्याची?”

“आता तीन महिने उरलेत. पुस्तक आणलंय म्हणतो.”

“मग तो परवाना मिळाला की त्याचीही एक पाठवायला सांग.”