दोन मोटारींचे दप्तर

पुण्याकडून महामार्गाने येणाऱ्या प्रवाशास कोल्हापूर जवळ आल्याची वर्दी पूर्वी शिरोलीच्या फाउंड्र्या देत असत. आता पंचगंगेचा पूल ओलांडून तावडे हॉटेलच्या चौकाशी यावे, तो उचगावच्या अंगाला मोटारींच्या शोरूमांच्या काचेच्या भिंती दिसू लागतात. मौज अशी, की इंजिनांचे जे ओतीव भाग शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात तयार होऊन देशभरच्या कारखान्यांकडे रवाना होतात, त्यांपैकी काही तकतकीत पत्र्याखाली दडून पुन्हा याच गावी परततात, आणि ज्याच्या भावकीतला कोणी ना कोणी साच्याच्या मातीत हात घालून उभा आहे अशा गिऱ्हाइकाला विकले जातात. त्यामुळे लोखंड आपल्याला कळते, असा एक दृढ आत्मविश्वास येथील माणसाच्या ठायी असतो, आणि तो पुष्कळ अंशी साधारही असतो. मी मात्र त्याला अपवाद. माझी हयात महसूल खात्यात, फेरफार, बोजे आणि दाखले यांच्या सहवासात गेली; लोखंडापेक्षा कागदाची नाडी मला अधिक लवकर सापडते.

निवृत्तीनंतर एकाच वर्षात घरासाठी नवी आणि इचलकरंजीस नोकरीला जाणाऱ्या माझ्या मुलीसाठी जुनी, अशा दोन मोटारी घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा या कागदी शिक्षणाचा असा काही उपयोग होईल याची मला कल्पना नव्हती. दोन्ही व्यवहार पार पडल्यावर ध्यानात आले ते एवढेच, की नव्या मोटारीच्या बाबतीत जिन्नस निःसंदिग्ध असतो आणि किंमत संदिग्ध असते. जुन्या मोटारीच्या बाबतीत किंमत पुढच्या काचेवर ठळक अंकांत लिहिलेली असते, आणि जिन्नस काय आहे हेच कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

नवी मोटार घेण्याचे ठरले तेव्हा २०२५ चा श्रावण होता. जीएसटीचे दर कमी होणार अशी घोषणा १५ ऑगस्टला झाली, आणि दुसऱ्याच दिवसापासून शोरूमांत शुकशुकाट पसरला. कारण उद्या स्वस्त होणारी वस्तू आज घेण्याइतका उदार गृहस्थ आमच्या पंचक्रोशीत नाही. पुढे पितृपंधरवडा आला, ज्यात तसेही कोणी वाहन घेत नाही, आणि २२ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर अमलात आले. चार मीटरांच्या आतील व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर उपकरासह २९ टक्के पडत असत, ते १८ टक्के झाले. म्हणजे करापूर्वी पाच लाखांच्या असलेल्या मोटारीमागे ५५,००० रुपयांचा फरक. सरकारी दप्तराने पंचांग पाहून काम केल्याचे इतके ठळक उदाहरण माझ्या नोकरीच्या काळात मला कधी दिसले नाही. त्या नवरात्रात शोरूमात उभे राहावयास जागा नव्हती, आणि २ ऑक्टोबरच्या दसऱ्याला गाडी दारात हवी असा धोशा सौभाग्यवतींनी लावल्यामुळे मीही त्या गर्दीतील एक होतो.

माझ्या वडिलांच्या पिढीने हा व्यापार उलट्या बाजूने पाहिला होता. फियाट किंवा अॅम्बॅसडर यांची नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी, आणि तोवर धीर सुटलाच तर वापरलेली मोटार नवीहूनही अधिक दाम मोजून घ्यावी, असा तो काळ. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हाही आधी नोंदणी, मग प्रतीक्षा हा क्रम सुटला नव्हता. त्या दिवसांत गिऱ्हाईक अर्जदार होते आणि विक्रेता हाकिम. आज विक्रेता पाण्याचा पेला घेऊन धावत येतो, ‘काका, बसा निवांत’ म्हणतो, आणि आपण हाकिम झालो या सुखद भ्रमात असतानाच कोटेशनाचा कागद पुढे सरकवतो.

त्या कागदाचे वाचन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एक्स-शोरूम किंमत ही पहिली ओळ. तिच्यात घासाघीस कमी. त्याखाली रोड टॅक्स: महाराष्ट्रात खासगी व्यक्तीच्या नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला तो ११ टक्के, आणि तीच मोटार कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणून आपला उद्योग असलेल्या एका परिचितांनी कंपनीचा मोह टाळून गाडी स्वतःच्या नावावर घेतली. कर सरकारात जमा होतो, त्याची पावती मिळते, तेव्हा ती ओळही निर्वेध. खरी करामत त्यानंतरच्या ओळींत असते. विमा, अॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, फास्टॅग, आणि शेवटी ‘हँडलिंग चार्जेस’. हे शेवटचे कलम कोणत्या नियमान्वये आकारले जाते, असे मी त्या तरुणास अगदी सौम्यपणे विचारले.

“काका, सगळेच शोरूमवाले घेतात.”

“घेत असतील, पण कशाबद्दल?”

“गाडी गोदामातून इथं आणायची, धुवायची, पुसायची...”

“म्हणजे विकावयाची वस्तू दुकानात आणण्याचा खर्च गिऱ्हाइकाने द्यायचा?”

तो हसला, आत गेला, आणि त्याच्या वरिष्ठाशी मसलत करून ती ओळ खोडून परत आला. या रकमेला कायद्याचा आधार नाही हे त्या दालनातील प्रत्येकास ठाऊक असते. विचारणारा भेटेपर्यंत ती कागदावर राहते, एवढेच.

विम्याची ओळ त्याहून लांबली. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ-जोखमीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा मात्र एका वर्षाचा घेता येतो, आणि तो शोरूमाच्याच मार्फत घ्यावा असे कोणतेही बंधन नाही. हे मी म्हणताच आकडा खाली आला. शिवाय माझ्या जुन्या अल्टोवर कित्येक वर्षांत एकही दावा केलेला नसल्याने पन्नास टक्क्यांचा ‘नो क्लेम बोनस’ साचलेला होता. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते, तेव्हा गाडी विकल्याचा पुरावा देऊन ती नव्या मोटारीच्या हप्त्यात वळती करता येते. परंतु कोटेशन तयार करणाऱ्या कोणालाही ती आपण होऊन आठवत नाही. स्मरणशक्तीची ही निवडक दुर्बलता मी आमच्या कचेरीतही पाहिली होती, म्हणून मला तिचा राग आला नाही.

पैसे भरण्यापूर्वी मी चासी नंबर पाहण्याचा आग्रह धरला. तो सतरा अक्षरांकांचा असतो, आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे येत नाहीत, एक आणि शून्य यांच्याशी त्यांची गल्लत होऊ नये म्हणून. उत्पादनाच्या वर्षाची खूणही त्यातच असते: २०२४ ला आर, २०२५ ला एस. दसऱ्याच्या लगबगीत गेल्या वर्षीची, गोदामात पावसाळा काढलेली गाडी गळ्यात पडू नये यासाठी ही रुजुवात. आणि विक्रीच्या दाखल्यात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, निर्मितीचा महिना व वर्ष लिहावेच लागते, तेव्हा दोहोंचा मेळ बसतो की नाही हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

जुनी अल्टो त्याच शोरूमास एक्स्चेंजमध्ये दिली. येथे मी थोडा हट्टी झालो. किल्ली देणे आणि मालकी देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत; दप्तरात ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे, मग प्रत्यक्षात गाडी मध्ये कितीही हात फिरलेली असो. एप्रिल २०२३ पासून नियमही बदलले आहेत: अधिकृत परवाना असलेल्या व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना परिवहन कार्यालयाकडे नोंदवली, की तोच मानीव मालक ठरतो. ती नोंद झाल्याची पोच हाती येईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. दसऱ्याला हार, नारळ, चाकांखाली लिंबे, आधी अंबाबाई आणि मग जोतिबाचा डोंगर, हे सर्व यथासांग झाले. त्याचे वर्णन करण्याची गरज नाही, कोल्हापुरात ते सर्वांचे सारखेच असते.

मुलीसाठी जुनी गाडी शोधू लागलो तेव्हा माझी कागदाची विद्या निम्मीच पुरणार हे उघड होते. म्हणून उद्यमनगरातील एका मिस्त्रींना बरोबर घेतले. हे गृहस्थ अल्पभाषी. यार्डाचा मालक गाडीची स्तुती करीत असता ते गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालीत, आणि तेवढ्यात त्यांचे निम्मे काम झालेले असे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात निर्मितीच्या सालाची बारीक खूण असते; पाच काचांवर एक साल आणि सहावीवर दुसरे दिसले, की त्या बाजूने गाडी कधीतरी ठोकलेली असावी असे समजावे. टायरावरील चार अंकांत पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन सालाचे. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे आहेत काय, दाराचे रबर ओढून पाहिले तर आतील वेल्डिंगचे ठिपके कारखान्यातल्यासारखे सारख्या अंतरावर आहेत काय, मीटर ३८,००० किलोमीटर दाखवीत असता क्लचच्या पेडलचे रबर का गुळगुळीत झाले आहे, असे त्यांचे प्रश्न असत, आणि ते मालकाला न विचारता गाडीला विचारीत.

महामार्गालगतच्या एका यार्डात एक पांढरी हॅचबॅक आम्हा दोघांनाही प्रथमदर्शनी आवडली. २०१८ ची, एकाच मालकाची, रंग निष्कलंक, दर मात्र बाजाराहून उणा. मिस्त्री पुढच्या आसनावर बसले, सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढला, आणि मला खुणेने बोलावले. पट्ट्याचा एरवी गुंडाळलेला राहणारा शेवटचा हातभर भाग करडा-तांबूस झाला होता, आणि वरच्या काळ्या भागाशी त्याची सीमारेषा सरळ आखल्यासारखी होती. आसनाखालच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला गाळ.

“पुरातली हाय साहेब. एकवीसच्या,” ते हळूच म्हणाले.

यार्डाच्या मालकाचे कान तिखट. “छे ओ! पुरातली कुठली? पावसात जरा भिजल्याली.”

“पाऊस खालनं वर पडतोय व्हय?” मिस्त्रींनी विचारले.

ज्यांनी २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै येथे काढला आहे, त्यांना या संवादाचे मर्म सांगावे लागणार नाही. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, दुधाळी पाण्याखाली गेली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि वाहनतळांच्या तळघरांत उभ्या असलेल्या असंख्य मोटारींच्या नशिबी पंचगंगा आली. विमा कंपन्यांनी ज्यांना ‘टोटल लॉस’ ठरविले, त्या भंगार म्हणून लिलावात निघाल्या. परंतु लिलावात निघालेली प्रत्येक मोटार भट्टीत जात नाही. गाळ धुतला जातो, आसनांची कापडे बदलली जातात, आणि तारांच्या जुडग्यांत शिरलेली ओल दोन-चार वर्षांनी, एखाद्या घाटात, आपला हिशेब मागते. ज्या गावाला पुराची इतकी खडतर ओळख आहे, तेथेच पुरातील गाड्या विकण्याचे धैर्य कोणी करावे, याचे मला नवल वाटले. मिस्त्रींना वाटले नाही. त्यांच्या मते आमच्या पुरातील गाड्या बहुधा दूरच्या शहरांत खपतात आणि तिकडच्या पुरातील इकडे येतात, ही एखादी चुकून येथेच राहिली.

बेळगावच्या केए-२२ क्रमांकाच्या काही मोटारी स्वस्त दिसल्या, त्या मी दुरूनच वंदन करून सोडल्या: तिकडचे ना-हरकत पत्र, इकडची पुनर्नोंदणी, शिवाय महाराष्ट्राचा कर नव्याने. शेवटी जी पसंत पडली ती करड्या रंगाची, ठिकठिकाणी खरचटलेली आणि म्हणूनच मिस्त्रींच्या विश्वासास पात्र ठरलेली गाडी होती. “हिनं काय झाकल्यालं न्हाई,” असा त्यांनी अभिप्राय दिला. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील जुन्या नोंदींतले किलोमीटरचे आकडे क्रमाने चढत गेलेले होते, आणि त्यांचा मीटरशी मेळ बसत होता. येथून पुढचे काम माझे.

आरसीवर एका बँकेचा बोजा दिसत होता. मालक म्हणे, कर्ज केव्हाच फिटले. फिटले असेलही, पण सोसायटीचे कर्ज फेडून बापही निवर्तला, तरी सातबाऱ्यावर बोजा तसाच, अशी प्रकरणे मी टेबलावरून किती हातावेगळी केली याची गणती नाही. बँकेचे बेबाकी पत्र आणि बोजा उतरविण्याचा फॉर्म ३५ आल्यावाचून इसारापलीकडे एक रुपया देणार नाही, असे मी सांगितले. त्यानंतर यार्डाच्या मालकाने पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी लागेल असे सुचविले. २०२५ मध्ये दर वाढून १८ टक्के झाला हे खरे, पण तो व्यापाऱ्याच्या नफ्यावर: ३,१०,००० ला घेतलेली गाडी ३,५०,००० ला विकली तर ४०,००० वर, म्हणजे ७,२०० रुपये, सबंध किमतीवरचे ६३,००० नव्हेत. त्याने माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, “काका, तुम्ही सेल्स टॅक्सला होता का?”

“नाही, महसूलला.”

“मग बराबर,” तो म्हणाला, आणि चहा मागविला.

मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या माझ्या समक्ष झाल्या, विमा चौदा दिवसांच्या आत मुलीच्या नावे करण्याचा अर्ज लिहून झाला, आणि सर्व कागद नस्तीत लावून झाल्यावर आरटीओच्या एजंटाने सांगितले, की गाडीवर पुण्यातील वेगमर्यादेची दोन ई-चलाने थकलेली आहेत, ती भरल्याखेरीज तो हस्तांतराचा अर्ज लावणार नाही. मूळ मालक म्हणाला, गाडी तर आता माझी राहिलीच नाही. यार्डाचा मालक म्हणाला, माझी तर ती कधीच नव्हती. बराच ऊहापोह होऊन एक चलान यार्डाच्या मालकाने भरले. दुसऱ्याची रक्कम मी मूळ मालकास देण्याच्या शेवटच्या हप्त्यातून वळती करून घेतली, आणि त्याचीही पावती नस्तीत लावली.