काल संध्याकाळपर्यंत बरा होता

गुरांच्या डॉक्टरकडे आलेली माणसं बहुतेक एकाच वाक्यानं सुरुवात करतात. काल संध्याकाळपर्यंत बरी होती, रात्री चाराही खाल्ला, सकाळी बघतो तर पाय ताठ. जोयडा तालुक्यात नोकरीला आल्यापासून हे वाक्य मी मराठीत, कोकणीत, कानडीत ऐकत आले आहे. गाईबद्दल, शेळीबद्दल, कुत्र्याबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या सरड्याबद्दल ते पहिल्यांदा ऐकलं ते गेल्या जूनच्या सुरुवातीला.

गणेशगुडीच्या बाजूला होमस्टे चालवणारं कुटुंब. थोरला मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगला, तिथं त्यानं दोन बिअर्डेड ड्रॅगन पाळलेले, एक नर आणि एक मादी. सुट्टीला येताना काचेच्या दोन टाक्या, दिवे, खाण्याच्या अळ्यांचे डबे, सगळं गाडीत घालून त्यानं घरी आणलं होतं. सोमवारी सकाळी बापलेक दवाखान्यात आले तेव्हा नर टॉवेलात गुंडाळलेला होता. वीतभर अंग, तेवढीच शेपूट, गळ्याखालची काटेरी दाढी काळीठिक्कर पडलेली. मागून आठ-नऊ वर्षांची धाकटी मुलगी आली आणि दारातच थांबली.

"हिनं रात्री टाकीत काजवे सोडले होते," मुलगा म्हणाला. "काजवा खाल्ला की हे मरतात, मी वाचलंय."

मुलगी माझ्याकडे बघत होती. "मी मारलं काय त्याला?"

तिला लगेच "नाही गं" म्हणणं सोपं होतं. पण मुलानं वाचलेलं खोटं नव्हतं. 1999 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाळीव सरडे काजवे खाऊन मेल्याच्या घटना नोंदवल्या, त्यांत हेच बिअर्डेड ड्रॅगन होते. तिकडच्या फोटिनस जातीच्या काजव्यांत ल्युसिबुफॅजिन नावाचं विष असतं. भेकाच्या विषाशी त्याचं नातं जवळचं, आणि ते थेट हृदयावर काम करतं. एक काजवाही मोठ्या सरड्याला पुरतो. सरडा डोकं झटकतो, तोंड वासतो, श्वासासाठी धडपडतो, अंग काळं पडतं आणि तासा-दोन तासांत खेळ संपतो. आपल्या घाटातले काजवे फोटिनस नव्हेत. तरी लुकलुकणारा कुठलाही किडा या प्राण्याच्या तोंडाजवळ जाऊ नये असंच मी सांगते. आणि मे सरताना, पहिल्या सरी पडल्या की आमच्या रानात काजव्यांना तोटा नसतो. म्हणून मी तिला म्हटलं, "बाळा, आपण बघूया. बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही." बापाची परवानगी घेतली आणि मुलीला बाहेर बाकावर बसवलं.

कापण्याआधी हातानं तपासायचं असतं. खालच्या जबड्याची दोन्ही हाडं अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबली. निरोगी सरड्याचा जबडा दबत नाही. याचा लवला. मग पोट उघडलं, मधोमध नाही तर थोडं बाजूनं, कारण मधून मोठी शीर जाते. बरगड्यांवर बारीक गाठी होत्या, हाड पिचून पुन्हा जुळलं की राहतात तशा. यकृत गर्द तपकिरी असायला हवं, ते पिवळसर, फुगलेलं, कडा बोथट झालेल्या. आणि जठरात अळ्या होत्या. मीलवर्म म्हणून विकतात त्या, सालीसकट, जवळपास जशाच्या तशा.

"या कधी घातल्यास?"

"शुक्रवारी. नंतर वीज गेली, मग त्यानं काही खाल्लंच नाही."

शुक्रवारी पोटात गेलेलं सोमवारी तसंच. हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, तापलेल्या मुलखातला. अन्न पचवायला त्याला दिवसा चाळीस अंशांच्या आसपासची ऊन खायची जागा लागते. त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. टाकीवरचा दिवा विझला, बाहेर दिवसभर पाऊस, आणि पोट बंद पडलं. न पचलेलं अन्न तिथंच कुजायला लागतं.

या अळ्यांमुळे एक गोष्ट मात्र पक्की झाली. पचनच थांबलं होतं, म्हणजे आदल्या रात्री काजवा गिळला असता तर तो सापडलाच असता. तोंड, घसा, अन्ननलिका, जठर, सगळं मी भिंगाखाली पाहिलं. पंखांवरचं झाकण नाही, शेपटीकडचा फिकट भाग नाही, काही नाही. हात धुऊन बाहेर गेले आणि पहिल्यांदा मुलीला सांगितलं, तिच्या भावाला नंतर. तुझा काजवा त्यानं खाल्लेलाच नाही. तो बरेच महिने आजारी होता.

मुलाला हे पटेना. आजारी असता तर दिसलं नसतं का? दिसतं, पण फार थोडं. जंगलात दुबळा दिसणारा प्राणी आधी उचलला जातो, त्यामुळे सरपटणारे प्राणी अगदी शेवटपर्यंत दुखणं अंगावर काढतात. मी विचारत गेले तसं त्याला आठवत गेलं. चालताना पोट जमिनीला घासायचं. पायाची बोटं मधूनच थरथरायची, तो झोपेत असेल असं वाटायचं. ती थरथर म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरल्याची खूण. ते आणखी उतरलं की झटके येतात, हृदय थांबतं, आणि घरच्यांना वाटतं रात्रीत काहीतरी झालं.

कॅल्शियम का उतरलं? खाण्यात मुख्यतः या अळ्या आणि पालक. अळ्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम नावाला. पालकातलं ऑक्झॅलेट असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. आणि अतिनील किरणांचा दिवा दीड वर्षाचा जुना. अशा दिव्यातून सहा महिने ते वर्षभरात हवे ते किरण येणं जवळपास थांबतं, पण उजेड पडतच राहतो, त्यामुळे बदलायला हवा हे कुणाच्या लक्षात येत नाही. ते किरण नाहीत तर कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही. टाकी खिडकीशी ठेवूनही उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

यकृताचा एक तुकडा मी फॉर्मलिनमध्ये घालून तपासणीला पाठवला. मेलेल्यासाठी नव्हे, घरात उरलेल्या मादीसाठी. या जातीत अडेनोव्हायरसचा एक प्रकार आहे, त्यानं पिल्लं पटापट मरतात आणि मोठे सरडे लक्षण न दाखवता तो बाळगतात. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. शिवाय आतड्यातला कॉक्सिडिया हा परजीवी आहे, कातडी पिवळी करून आत शिरणारी नॅनिझिऑप्सिस बुरशी आहे. आमच्या भागात मी आणखी एक प्रश्न न चुकता विचारते: बागेतले नाकतोडे पकडून घातले का? काजूवर मोहोराच्या वेळी फवारणी होते, आणि फवारलेल्या बागेतला किडा खाऊन सरड्याला विषबाधा व्हायला वेळ लागत नाही. डासांची कॉइल बंद खोलीत लावली होती का, हेही विचारते. मुलगा दोन्हींना नाही म्हणाला.

जाताना वडिलांनी विचारलं, आमच्या पोफळीवर ते उडते सरडे आहेत, त्यांना तर कुणी दिवा लावत नाही? प्रश्न चांगला होता. उडता सरडा, म्हणजे ड्रॅको, आणि हा बिअर्डेड ड्रॅगन, दोघे अगॅमिडी या एकाच कुळातले. पण ड्रॅकोच्या पिढ्यान्‌पिढ्या या पावसात गेल्या. मुंग्या खायच्या, खोडावर ऊन आलं की तिथं सरकायचं, हवेतली ओल त्याच्या अंगवळणी पडलेली. पाहुण्याला मात्र तीस-चाळीस टक्के दमटपणा मानवतो, आणि जोयड्यातला जून ते सप्टेंबर म्हणजे भिंतींना पाझर. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, हा प्राणी आपल्या मुलखात पाळण्याचा नव्हे. हौस म्हणून तर नाहीच. ऑस्ट्रेलिया आपले सरडे व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. बाजारात येतात ते पिढ्यान्‌पिढ्या पेट्यांत वाढलेले, पण पेटीत जन्मला म्हणून त्याच्या शरीराची उन्हाची गरज कमी होत नाही.

दुपारी मी त्यांच्या घरी जाऊन मादी पाहिली. तिचाही जबडा किंचित लवत होता, पण ती चार पायांवर उभी राहत होती, जीभ काढून वास घेत होती. तोंडातून कॅल्शियम सुरू केलं, अळ्या बंद केल्या, शेवग्याचा पाला आणि लाल भोपळा सुरू केला. पावसानं उघडीप दिली की जाळीच्या पिंजऱ्यात खऱ्या उन्हात ठेवायचं, आणि सावलीचा कोपरा सोडायचा. ते काम धाकटीनं मागून घेतलं. पाऊस पक्का बसण्याआधी मुलानं मादीला धारवाडला मित्राकडे नेलं. तिथं पाऊस जोयड्याच्या मानानं फारच कमी, आणि वीज सहसा दिवस-दिवस जात नाही. यकृताच्या तपासणीत विषाणूची खूण निघाली नाही.

आता दर रविवारी मादीचं वजन माझ्या फोनवर येतं, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरचं. थंडीत तिनं वांझ अंडी घातली. नर नसला तरी या माद्या घालतात. अंड्यांच्या कवचासाठी कॅल्शियम तिच्याच हाडांतून जातं, म्हणून मी मात्रा वाढवून दिली आणि नवा दिवा कुठल्या तारखेला लावला ते काचेवर लिहून ठेवायला सांगितलं.